पगडीचे पेच

न्यायमूर्ती रानड्यांची तसबीर आठवली की आधी पगडी डोळ्यांपुढे येते. पगडीतला न्यायाधीश आपल्याला नवा नाही. इंग्लंडला मात्र तो १९८२ साली दिसला. त्या न्यायाधीशांचं नाव मोता सिंग.

त्यांचा जन्म १९३० सालचा, नैरोबीतला. सोळाव्या वर्षी वडील गेले आणि घराचा भार अंगावर आला. नोकरी करून त्यांनी भावंडांना सांभाळलं. पुढे लंडनच्या लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि नैरोबीत परतून त्यांनी वकिली केली. १९६५ साली बायकामुलांसह ते कायमचे इंग्लंडला आले. त्या वेळी तिथे रंगावरून एखाद्याला घर नाकारणं बेकायदेशीर नव्हतं. तसा कायदा झाला १९६८ मध्ये. अशा देशात त्यांनी वकिलीची घडी पुन्हा पहिल्यापासून बसवली. १९७८ मध्ये ते क्वीन्स कौन्सेल, म्हणजे मानाचे ज्येष्ठ वकील, झाले आणि चार वर्षांनी सर्किट न्यायाधीश.

इंग्लंडच्या न्यायाधीशाचा टोप घोड्याच्या केसांचा असतो. मागे दोन छोट्या शेपट्या सोडलेला. मोता सिंगांनी तो कधी घातला नाही. रोज सकाळी लांबलचक कापडाचा एकेक पेच बसवत बांधलेली पगडी, तीच त्यांच्या डोक्यावर असायची.

हे सहज घडलं असं समजू नका. त्याच १९८२ साली बर्मिंगहॅमच्या एका शाळेने पगडीमुळे प्रवेश नाकारलेल्या शीख मुलाचा खटला गाजत होता. अपील न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल फिरवला. म्हणजे शाळकरी मुलाच्या पगडीवर वाद चालू होता, तेव्हा एक पगडी न्यायासनावर बसलीसुद्धा होती.

मोता सिंग २००२ साली निवृत्त झाले, २०१० मध्ये ‘सर’ झाले आणि २०१६ मध्ये गेले. दिल्लीत जन्मलेले, ब्रिस्टलमध्ये वाढलेले रबिंदर सिंग २०११ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, तेही पगडीसह.

परक्या देशात गेलेल्या माणसाला वाटतं, इथलं व्हायचं तर आपलं काहीतरी उंबऱ्याबाहेर ठेवावं लागेल. मोता सिंगांनी त्या देशाचा कायदा मनापासून आपलासा केला, आयुष्यभर लोकांचे पेच सोडवले. पगडीचे पेच मात्र जसेच्या तसे राखले.