अर्जात लेखनाची ओळ



अमेरिकेत नोकरी शोधणारी आपली तरुण मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. दिवाळी अंकात, मराठी मंडळाच्या वार्तापत्रात किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर त्यांनी बरंच लिहिलेलं असतं. रेझ्युमेमध्ये त्याचा उल्लेख करावा की ते झाकून ठेवावं? मी म्हणेन, करावा. मात्र कोणतं लेखन पुढे करायचं ते आपण निवडावं, आणि इथला कायदा आपल्याला कुठपर्यंत सांभाळतो हे आधी समजून घ्यावं.

कायद्याबाबत मोठा गैरसमज आहे. राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलंय, मग मालक काय करणार, असं आपण धरून चालतो. पण ती दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कंपनीला नाही. इलिनॉयमधले मार्विन पिकरिंग सरकारी शाळेत शिक्षक होते. शाळा मंडळ पैसा कसा वापरतं, खेळांवर किती घालवतं, यावर टीका करणारं पत्र त्यांनी 1964 मध्ये स्थानिक वृत्तपत्राला पाठवलं आणि त्यांची नोकरी गेली. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण नोकरी सरकारी होती म्हणून घटना त्यांच्या मदतीला आली. 2002 मध्ये हेदर आर्मस्ट्राँग यांना खासगी कंपनीने काढलं. त्या इंटरनेटवर रोजनिशी लिहीत आणि तिच्यात कचेरीतल्या माणसांविषयीही लिहीत. पिकरिंग यांचा निकाल त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. मोंटाना सोडलं तर इतर राज्यांत, वेगळा करार नसेल तर, मालक कारण न सांगताही माणसाला घरी पाठवू शकतो. पगाराविषयी आणि कामाच्या परिस्थितीविषयी सहकाऱ्यांनी मिळून बोलायला 1935 च्या कामगार कायद्याचं संरक्षण आहे. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी त्यात थोडी भर घातली आहे. बहुतेकांच्या वाट्याला येतं ते एवढंच.

नोकरी आणि लेखणी यांची ओढाताण मराठी माणसाला नवी नाही. गोपाळ हरी देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते, आणि 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे लिहीत होते ते लोकहितवादी या नावाने. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिकवत असतानाच त्यांनी 1874 मध्ये निबंधमाला हे मासिक सुरू केलं आणि इंग्रजी राज्याबद्दल जे वाटलं ते सडेतोडपणे मांडलं. पुण्याहून त्यांची रत्नागिरीला बदली झाली. 1879 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पुढच्याच जानेवारीत टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल उभं केलं. एकाने टोपणनाव घेतलं, दुसऱ्याने नोकरी सोडली, आणि दोघांविषयीही मला सारखाच आदर आहे. पण नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसावर इथे आलेल्या मुलाला शास्त्रीबुवांसारखा राजीनामा तोंडावर फेकता येत नाही. नोकरी गेली की साधारण 60 दिवसांत दुसरी मिळवायची, व्हिसा बदलायचा किंवा देश सोडायचा. टोपणनावाचा आडोसाही तोकडा झालाय. 2019 पासून व्हिसाच्या अर्जातच गेल्या पाच वर्षांत समाजमाध्यमांवर वापरलेली नावं विचारतात. म्हणून त्या मुलाला कुणी भित्रा म्हटलं तर मला राग येतो.

आणखी एक भरवसा आपण बाळगतो. मराठीत तर लिहिलंय, इथे कोण वाचणार? पण गूगल 2013 पासून मराठीचंही भाषांतर करतं. कुणाही अधिकाऱ्याला ते एका क्षणात वाचता येतं, आणि तेही वाकडंतिकडं. आपला उपरोध त्याच्यापर्यंत शब्दशः पोचतो, आपली माया वाटेत गळते. तेव्हा मराठी लेख दाखवायचा असेल तर त्याचा इंग्रजी गोषवारा आपणच चार ओळींत लिहून सोबत द्यावा. यंत्रावर सोडू नये.

आता निवड. कोयनेच्या 1967 च्या भूकंपाने धरणांच्या आखणीबद्दल काय शिकवलं, हे सोप्या मराठीत समजावणारा लेख एखाद्या स्थापत्य अभियंत्याने लिहिला असेल, तर तो त्याने अभिमानाने दाखवावा. अवघड गोष्ट सोपी करून सांगणारा माणूस कोणत्याही कंपनीला हवा असतो. परिचारिकेने लिहिलेली रुग्णाची हकिगत मात्र नाव गाळलं तरी जोडू नये. माणूस ओळखू आला तर तो 1996 च्या आरोग्य-गोपनीयतेच्या कायद्याचा भंग ठरू शकतो, आणि कायदा नसता तरी ती हकिगत रुग्णाची आहे.

सगळ्यात नाजूक असतं स्वतःच्या दुखण्याविषयीचं लेखन. नैराश्य, गर्भपात, मोडलेलं लग्न. 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्याप्रमाणे नोकरी देऊ करण्याआधी मालकाला तुमच्या आजाराविषयी किंवा अपंगत्वाविषयी विचारता येत नाही. त्याला जे विचारायची मनाई आहे, ते आपण होऊन त्याच्या हातात का द्यावं? पण म्हणून ते लेखन पुसून टाकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ओहायोतल्या किंवा टेक्सासमधल्या एखाद्या गावात, जिथे आपल्या भाषेचं दुसरं घर नाही, तिथे एखादी बाई ते वाचते आणि तिला धीर येतो. अर्जाला जोडू नका, इतकंच.

आणि जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर आलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायचंय. मे 2015 पर्यंत तुम्हाला इथे कामाची परवानगीच नव्हती. त्यानंतरही ती मिळाली ती जोडीदाराचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत आलेल्यांनाच. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी त्या वर्षांत मंडळाचे अंक काढले, लेख मागवले, प्रुफं तपासली, जाहिराती जमवल्या. मुलाखतीला जाताना तुम्ही तो काळ रेझ्युमेमध्ये कोरा सोडता. कोरा सोडू नका. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत संपादन केलं, किती अंक काढले, किती लेखकांचं लेखन हाताळलं, अंक वेळेवर निघाला का, हे लिहा. काम विनामोबदला होतं हेही स्पष्ट लिहा, आणि त्यातला एक अंक मुलाखतीला सोबत घेऊन जा.