सुईखालची जमीन

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या रुळांच्या आजूबाजूला, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला राहणाऱ्यांना थरथर नवी नाही. घाटाकडे निघालेली मालगाडी जाते, कपाटाची कडी वाजते, कोणी मान वर करून बघतही नाही. पण ज्या घरांत जुन्या तबकड्या माळ्यावरून पुन्हा खाली आल्या आहेत, तिथे हीच थरथर स्पीकरमधून ऐकू येते. तबला गढूळ वाटतो, तानपुऱ्याच्या मागे गुरगुर राहते. मग रेकॉर्ड प्लेयरखाली रबराचे तुकडे किंवा फोम सरकवला जातो. माझं म्हणणं असं, की या मऊ बैठकीने पुष्कळ घरांत आवाज सुधारत नाही, उलट कधी कधी बिघडतो. आधी जागा पाहावी, मग वजन, आणि मऊपणा सर्वांत शेवटी, तोही मोजून.

याचं कारण सुईच्या कामातच आहे. एलपीची खाच साधारण 0.05 मिलिमीटर रुंद असते आणि हळुवार सुरांच्या वेळी सुईची हालचाल मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. सुई ज्यात बसवलेली असते ते कार्ट्रिज मोजतं, सुई आणि त्याला धरणारा आर्म यांच्या हालचालीतला फरक. तो फरक खाचेतल्या स्वरामुळे पडला की शेजारच्या खोलीत कोणी धपकन पाट टाकल्यामुळे, हे त्याला कळायला मार्ग नाही. शिवाय आर्म आणि कार्ट्रिज मिळून त्यांची स्वतःची एक डोलण्याची गती असते, बहुधा सेकंदाला 8 ते 12 वेळा, म्हणजे 8 ते 12 हर्ट्झ. या पट्ट्यातला धक्का आला की तो मोठा होऊन पुढे जातो.

आता रबराकडे वळू. कुठलीही स्प्रिंग किंवा गादी स्वतःच्या गतीच्या सुमारे 1.4 पटीवरचीच कंपनं अडवते. त्याखालची जशीच्या तशी वर पोचवते, आणि नेमक्या स्वतःच्या गतीची असतील तर वाढवते. ही गती घरी पट्टीने अजमावता येते. प्लेयरच्या वजनाने गादी 1 मिलिमीटर दबली तर गती सुमारे 16 हर्ट्झ, 2 मिलिमीटरला 11, आणि 5 हर्ट्झवर आणायची तर 10 मिलिमीटर दबायला हवी. रबर प्रत्यक्षात याहून थोडं ताठच वागतं. म्हणजे जेमतेम 2 मिलिमीटर दबणारं रबर आर्मच्या नाजूक पट्ट्याशीच हातमिळवणी करतं! उल्हासनगरच्या कॅम्प म्हटल्या जाणाऱ्या वस्त्यांमध्ये जीन्स शिवणारी मशिनं मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतात, म्हणजे 65 ते 85 हर्ट्झ. ती गुणगुण साधं रबरही अडवेल. पण माणसाच्या चालण्याचा ठेका सेकंदाला दोन पावलांचा, आणि त्या धक्क्याने हलणारा स्लॅब त्याहून थोडा वरच्या गतीने डोलतो. तिथे रबराचं काही चालत नाही.

पावलांवर उपाय जागेचा. स्लॅब मध्यभागी सर्वांत जास्त हलतो, कॉलम आणि बीम मिळतात त्या कोपऱ्यात सर्वांत कमी. म्हणून प्लेयर हॉलच्या मधल्या टीपॉयवरून उचलून कोपऱ्यात न्या. भिंत भक्कम असेल तर ब्रॅकेटवरची फळी याहून चांगली. मात्र जुन्या किंवा धोकादायक ठरवलेल्या इमारतीत ब्रॅकेटसाठी भोक पाडू नका. या भागात स्लॅब कोसळल्याच्या बातम्या काही कमी नाहीत. तिथे कोपराच पुरे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून घेतलेलं प्लायवूडचं पोकळ टीव्ही युनिट दिसायला सुबक असतं, पण त्यावर प्लेयर आणि स्पीकर शेजारी शेजारी ठेवले की स्पीकरचा बास फळीतून सुईत आणि सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये, असा फेरा सुरू होतो. गाडी थोड्याच वेळात निघून जाते, हा फेरा मात्र गाणं संपेपर्यंत चालतो. स्पीकर वेगळ्या स्टँडवर ठेवा आणि प्लेयरखाली वजनासाठी कडप्प्याची फरशी घाला. किचनचे ओटे करणाऱ्यांकडे उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो. ज्या प्लेयरच्या पोटात आधीच स्प्रिंगा आहेत, त्यांना मात्र हलकी, ताठ फळी हवी. त्यांच्याखाली आणखी गादी घातली तर प्लेयर झुलू लागतो.

कोणी म्हणेल, पूर्वी एचएमव्हीचा फिएस्टा कुठल्याही स्टुलावर वाजायचा, तेव्हा कुठे होता कडप्पा? खरं आहे. पण त्याचा छोटा स्पीकर खालचा बास काढतच नव्हता आणि सुईचा दाबही आजच्यापेक्षा बराच जास्त असे. थरथर तेव्हाही होती, ती वाजवायला यंत्र नव्हतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अँप्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर 20 हर्ट्झखालचं सगळं कापतो, मग ही यातायात कशाला? फिल्टर जरूर लावा, वूफर वाचतो. पण सुई आधीच हेलकावत असेल, तर त्या हेलकाव्याने गाण्याच्या सुरांत झालेली भेसळ फिल्टरला निवडून काढता येत नाही. आणि 65 हर्ट्झचं मशीन तर फिल्टरच्या कक्षेबाहेरच.

खर्च करण्याआधी एक परीक्षा घ्या, शक्यतो सकाळी, गाड्यांची वर्दळ असताना. मोटर बंद ठेवून थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवा, आवाज नेहमीपेक्षा कमीवरून हळूहळू नेहमीइतका वाढवा आणि फळीवर बोटाच्या पेराने टकटक करा. टक ऐकू येऊन लगेच विरली तर जागा बरी. घुमत राहिली तर जागा बदला. गाडी जाताना वूफरचा पडदा आवाज न करता आत-बाहेर होतो का, तेही पाहा. हात व्हॉल्यूमवरच राहू द्या. गुरगुर आपोआप वाढू लागली तर आधी आवाज उतरवा, मग सुई उचला.