हळदीचा रंग आणि कायदा

‘पी हळद अन् हो गोरी’ असे आपण उतावळ्या माणसाला म्हणतो. बाजारात मात्र ही घाई हळदीच्याच मुळावर आली आहे. तिने अधिक पिवळे दिसावे म्हणून तिच्यात परका रंग मिसळतात.

हळदीचा पिवळेपणा कुरकुमिन या द्रव्याचा. उन्हात तो फिका पडतो. फिकी हळद गिऱ्हाइकाला नको असते. मग कोणी तीत मेटॅनिल यलो हा कारखानी रंग घालतो, कोणी हळकुंडांना लेड क्रोमेट चोळतो. लेड म्हणजे शिसे. ते अंगात साठते आणि लहान मुलांच्या बुद्धीची हानी करते.

यासाठीच १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. पुढे त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. खाद्यरंगांची यादी ठरलेली आहे. केशर, कुरकुमिन, शेंदरीच्या बियांचा रंग, पानांतले हरितद्रव्य हे त्यातले नैसर्गिक. कृत्रिम रंग मोजकेच, तेही ठरावीक पदार्थांत, ठरल्या प्रमाणात. दळलेल्या हळदीत मात्र वरून कोणताच रंग घालता येत नाही.

आता कोणी म्हणेल, झाडापानांच्या रंगाला कायदा कशाला? अहो, धोतराही झाडच आहे! पळसफुलांच्या रंगाने आपण रंगपंचमी खेळतो. पण खाद्यरंगांच्या यादीत पळस नाही. अंगाला चालते ते पोटाला चालेलच असे नाही.

शिक्षकबंधूंनी वर्गात एवढे करून पाहावे. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकावी, ढवळू नये. चांगली हळद तळाशी बसते, पाणी फिके पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर संशय घ्यावा. हा केवळ संशय झाला. शिशाचा निकाल प्रयोगशाळाच देईल. माल घेतानाच दुकानदाराला तसे सांगून, फी भरून, अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. माल सदोष ठरला तर फी परत मिळते. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

आणि मायबहिणींनो, आठवडी बाजारात भडक तेच चोख असे समजू नका. नाही तर सचोटीने पिकवणाऱ्याचा माल फिका म्हणून पडून राहील, अन् रंग चोळणारा दुप्पट चोळील.