बंदिवानांची सोडवणूक आणि तिचा खर्च
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं वक्त्यानें देवळाच्या पायाभरणीपासून आरंभ करावा, असा प्रघात आहे. तें काम आमच्याहून वडील मंडळींनीं ह्याच पुस्तिकेंत उत्तम रीतीनें केलें आहे. म्हणून आम्ही निराळाच विषय तुमच्यापुढें मांडतों. महोत्सवाची कल्पना ज्या जुन्या करारांतून आली, त्यांत पन्नासावें वर्ष हें दासांच्या सुटकेचें वर्ष होतें. पोप फ्रान्सिस ह्यांनीं तर २६ डिसेंबर २०२४ रोजीं रोम शहरांतील रेबिबिया तुरुंगांत जाऊन तेथें महोत्सवाचें पवित्र द्वार उघडलें. तेव्हां मंगल प्रसंगीं तुरुंगाची गोष्ट काढली म्हणून कोणी आम्हांस दोष देऊं नये.

प्रश्न असा आहे. एखाद्यानें लहानसा गुन्हा केला, कोणाचें रक्त सांडलें नाहीं, अशा मनुष्याला भिंतीआड न कोंडतां आपल्या माणसांत ठेवून सुधारतां येईल काय? आणि येत असेल, तर त्याचा खर्च कोणीं सोसावयाचा? पहिल्या प्रश्नावर प्रवचनें पुष्कळ झालीं आहेत. दुसऱ्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं, आणि आमच्या मतें घोडें तेथेंच पेंड खातें.

इ. स. १८४१ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाचा एक जोडे करणारा गृहस्थ राहत असे. एके दिवशीं तो पोलीस कोर्टांत बसला असतां फाटक्या वस्त्रांतील एका दारुड्याला न्यायाधीशापुढें आणण्यांत आलें. ऑगस्टसनें त्याच्याशीं दोन शब्द बोलून पाहिलें आणि स्वतः जामीन राहून त्याला सोडविलें. तीन आठवड्यांनीं तो मनुष्य कोर्टांत परत आला, तेव्हां हा तोच असें कोणास खरें वाटेना. न्यायाधीशानें एक सेंट दंड व कोर्टाचा खर्च घेऊन त्याला जाऊं दिलें. पुढें १८५९ सालीं मरण येईपर्यंत ऑगस्टस हेंच करीत राहिला. सुमारें १,९०० स्त्रीपुरुषांस व मुलांस तो जामीन राहिला. त्यांस काम मिळवून देई, निवारा पाही, आणि त्यांची हकीकत कोर्टाला कळवी. ह्यापायीं त्याचा धंदा बसला. शिवाय कोर्टाचे शिपाई त्याच्यावर रुष्ट असत. कारण तुरुंगांत पोंचविलेल्या दर मनुष्यामागें त्यांस फी मिळे, ती बुडूं लागली. पाहा, अगदीं आरंभापासून ह्या दयेच्या आड पैशाचा हिशेब उभा आहे!

एका दुकानाच्या गल्ल्यावर हें काम किती दिवस चालणार? १८७८ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें कायदा करून बोस्टनकरितां असा पगारी अंमलदार नेमण्याची सोय केली, आणि ही प्रोबेशनची पद्धति हळूहळू सर्व अमेरिकेंत पसरली. परंतु तिच्यांत एक गोम राहिली. तिकडे कौंटी म्हणून आपल्या जिल्ह्यासारखा विभाग असतो. कॅलिफोर्निया संस्थानांत प्रोबेशनच्या अंमलदारांचा पगार कौंटीच्या तिजोरींतून जाई, आणि मोठ्या तुरुंगांचा खर्च संस्थानाच्या तिजोरींतून होई. म्हणजे गुन्हेगार गांवीं ठेवला तर पैसे आपले, लांब धाडला तर दुसऱ्याचे. पंगतीचा खर्च शेजारी करणार असला म्हणजे वाढप्याचा हात सैल सुटतो, त्यांतलाच हा प्रकार.

१९६५ सालीं कॅलिफोर्नियानें कायदा करून हा हिशेब उलटा केला. जी कौंटी पूर्वीपेक्षां कमी माणसें संस्थानाच्या बंदिशाळांत धाडील, तिला कमी झालेल्या प्रत्येक माणसामागें ४,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळावें, आणि त्या पैशांतून तिनें गांवांतील देखरेख सुधारावी, अशी ती योजना होती. एका अंमलदाराच्या माथीं शेंकडों माणसें मारलीं तर देखरेख नांवापुरतीच राहते. ह्या पैशानें अंमलदार वाढले व प्रत्येकाकडे थोडीं माणसें आलीं. लांब धाडलेल्यांची संख्याही घटली. तथापि महागाई वाढत गेली आणि अनुदानाचा आंकडा बराच काळ जागचा हलला नाहीं. पोलिसांनीं तक्रारी केल्या. अभ्यासकांस असेंही आढळलें कीं, मोठ्या बंदिशाळेंतून वाचलेलीं कांहीं मुलें गांवच्याच कोठडींत पूर्वीपेक्षां अधिक दिवस अडकून पडत होतीं. १९७८ सालीं ती योजना जाऊन तिच्या जागीं दुसरी आली.

इलिनॉय संस्थानानें २००९ च्या कायद्यानें तोच मार्ग पुन्हां धरला, पण एका अटीनें. अनुदान घेणाऱ्या कौंटीनें हिंसा न केलेल्या ठराविक गुन्हेगारांपैकीं तुरुंगांत जाणाऱ्यांची संख्या शेंकडा २५ नें कमी केली पाहिजे; न केल्यास तिच्यावर भुर्दंड बसावा. पैसा जातो तो व्यसनमुक्तीचे उपचार, मनोरुग्ण आरोपींसाठीं निराळीं न्यायालयें व जवळून देखरेख ह्यांवर. ही अट आम्हांस शहाणपणाची वाटते. कारण दयेसाठीं पैसा मिळूं लागला कीं, ज्यांस तसेंही सोडून दिलें असतें त्यांनाच योजनेंत भरून आंकडा फुगविण्याचा मोह होतो. संस्था चालविलेल्यांस हें अधिक सांगावयास नको!

आतां आपल्या घरीं येऊं. आपल्या मुंबई इलाख्यानें १९३८ सालींच प्रोबेशनचा कायदा केला होता. १९५८ सालीं सर्व देशासाठीं तसा कायदा झाला. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें सहा लहान गुन्ह्यांस समाजसेवेची शिक्षा सांगितली. पहिल्याच खेपेस ५,००० रुपयांहून कमी किंमतीची चोरी करून ती भरून देणारा त्यांत येतो. परंतु त्या कामावर देखरेख कोणीं ठेवावी व तिचा पैसा कोठून यावा, हें संहितेंत नाहीं. आणि तुरुंग भरलेले आहेत. २०२२ च्या अखेरीस देशांत ५,७३,२२० बंदी होते. जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांपैकीं ४,३४,३०२ जणांचा खटलाच पुरा झालेला नव्हता. केंद्र सरकारनें २०२३ सालीं गरीब बंद्यांसाठीं योजना काढली, तींत कच्च्या कैद्याच्या जामिनाकरितां आरंभीं ४०,००० रुपयांपर्यंत मदत ठरविली होती. अनुदान आहे; परंतु सुटून आलेल्याला दारांत उभें करील असें घर अनुदानांतून विकत मिळत नाहीं.

हें आम्ही कोणत्या तोंडानें सांगतों, तेंही ऐका. कांहीं वर्षांपूर्वीं शेजारच्या वाडींतील एक बाई सायंकाळीं आमच्या ओटीवर आली. तिचा मुलगा चोरीच्या आरोपावरून धरला गेला होता. कोर्टानें जामीन दिला होता. पण जामीनदार हवा होता आणि त्याचा सातबाराचा उतारा हवा होता. “भाऊ, तुमचीच तेवढी जमीन आहे,” असें ती म्हणाली. आम्हीं विचार करून सांगतों म्हटलें, तिला चहा दिला, आणि पुढें कांहींच सांगितलें नाहीं. मुलगा चार महिने आंत राहिला. तो आला तेव्हां त्याची नोकरी गेली होती, आणि तो आमच्याकडे पाहत नसे. आमची भीति अगदींच खोटी नव्हती. आरोपी पळाला तर रक्कम जामीनदाराला भरावी लागते. पण त्या बोस्टनच्या माणसालाही ती भरावी लागली असती.

मंडपाच्या दाराशीं एक वही ठेवली आहे. ज्यांस जामीनदार होणें शक्य आहे त्यांनीं आपलें नांव लिहावें. ज्यांची शाळा, दवाखाना किंवा वाडी आहे, आणि कोर्टानें समाजसेवेस धाडलेल्या मनुष्याकडून जे तेथें काम करून घेतील, त्यांनींही लिहावें. आपल्या धर्मग्रामांतील दोन वकिलांनीं कागदपत्र विनामूल्य पाहण्याचें कबूल केलें आहे. पहिलें नांव आम्हीं सकाळींच लिहून ठेवलें आहे. खालीं जागा पुष्कळ आहे.