लेडी रसेलची बाजू



आजचा विषय कळला तेव्हा मी नाक मुरडलं होतं, हे आधी कबूल करून टाकते. प्रेम, मैत्री आणि आयुष्यात मिळणारी दुसरी संधी यांवरच्या हृद्य कादंबऱ्या म्हणजे विमानतळावर विकत घ्यायच्या आणि उतरताना सीटच्या खिशात विसरून यायच्या, असा माझा समज. (प्रयोगशाळेत वीस वर्षं काढली की शेवट गोड असलेल्या कुठल्याही गोष्टीचा डेटा संशयास्पद वाटायला लागतो!) तरीही याच जातकुळीची एक कादंबरी मी दर दोन-तीन वर्षांनी वाचते. जेन ऑस्टिनची 'पर्स्वेशन'.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथानक. अ‍ॅन इलियटचं 19 व्या वर्षी फ्रेडरिक वेंटवर्थ या तरुण आरमारी अधिकाऱ्याशी लग्न ठरतं. त्याच्याकडे ना पैसा, ना घराणं. अ‍ॅनची आई लहानपणीच गेलेली. आईची मैत्रीण लेडी रसेल तिला समजावते आणि अ‍ॅन लग्न मोडते. आठ वर्षांनी वेंटवर्थ परत येतो तो कॅप्टन होऊन. युद्धात शत्रूची जहाजं पकडून मिळालेल्या बक्षिसाचे 25,000 पौंड त्याच्या गाठीशी आहेत. अ‍ॅन 27 वर्षांची, म्हणजे त्या काळच्या हिशोबाने जवळजवळ बाद झालेली. पुढे काय होतं ते तुम्ही ओळखलं असेलच.

या शेवटाची एक गंमत आहे. ऑस्टिनने तो जुलै 1816 मध्ये लिहून पूर्ण केला होता. तिला तो पटला नाही, म्हणून ऑगस्टमध्ये तिने तो नव्याने लिहिला. पुढच्या जुलैत, 41 व्या वर्षी ती गेली आणि पुस्तक डिसेंबर 1817 मध्ये, तिच्या पश्चात आलं. टाकून दिलेली पानं ब्रिटिश लायब्ररीत जपलेली आहेत. त्या पहिल्या खर्ड्यात एका अ‍ॅडमिरलच्या गैरसमजामुळे दोघं एका खोलीत एकटी सापडतात आणि सगळं जुळून येतं. सुधारलेल्या शेवटात अ‍ॅन दुसऱ्याच एका कॅप्टनशी वाद घालते आहे, प्रेम जास्त काळ कोण टिकवतं, बाई की पुरुष? तो म्हणतो, सगळी पुस्तकं बायकांना चंचल ठरवतात. ती म्हणते, पुस्तकांचा दाखला नको, लेखणी पुरुषांच्या हातात होती. जवळच टेबलाशी पत्र लिहीत बसलेला वेंटवर्थ ते ऐकतो आणि तिथेच तिला पत्र लिहितो. पहिल्या खर्ड्यात संधी योगायोगाने आली होती. इथे ती अ‍ॅनच्या बोलण्यातून आली. आपणही पेपर रिवाइज करतो, पण इतका फरक क्वचितच पडतो!

आता लेडी रसेल. ती खलनायिका असती तर पुस्तक सोपं झालं असतं. पण तिचा सल्ला व्यवहारी होता आणि मायेपोटी दिलेला होता. शेवटी अ‍ॅनसुद्धा म्हणते की सल्ला चुकला, पण मी तो ऐकला हे योग्यच होतं. हे वाक्य मला अजून पूर्ण पचलेलं नाही. शिवाय आठ वर्षांचं सगळं खापर लेडी रसेलवर फोडताही येत नाही. वेंटवर्थ स्वतःच कबूल करतो की दोनच वर्षांत हाती थोडा पैसा आणि जहाज आलं होतं, तेव्हा पत्र लिहायला हवं होतं. अहंकार आडवा आला. म्हणजे आठातली सहा वर्षं त्याच्या नावावर.

मैत्रीचा धागा आहे मिसेस स्मिथचा. अ‍ॅनची शाळेतली मैत्रीण, आता विधवा, आजारी आणि कफल्लक. बाथमध्ये वेस्टगेट बिल्डिंग्जमध्ये राहते. (पाहुण्यांना रोमन बाथ्स दाखवायला नेतो ना आपण, तिथून जवळच.) उमराव नातेवाइकांचं आमंत्रण टाळून अ‍ॅन तिच्याकडे जाते, तो प्रसंग फार सुरेख आहे. मिसेस स्मिथलाही दुसरी संधी मिळते. वेंटवर्थ तिला नवऱ्याची वेस्ट इंडीजमधली अडकलेली मालमत्ता सोडवून देतो. पहिल्या वाचनात मला किती बरं वाटलं होतं! मग लक्षात आलं की त्या काळी वेस्ट इंडीजमधली मालमत्ता म्हणजे बहुतेक गुलामांच्या घामावरचे उसाचे मळे. ब्रिटिशांनी 1807 मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती, पण मळ्यांवरची गुलामी संपवणारा कायदा यायला 1833 उजाडलं.

मराठीत ज्या कादंबरीला सहसा पहिली म्हणतात, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (1857) दुसऱ्या संधीचीच आहे. विधवा यमुनेचं पुन्हा लग्न होतं, पण त्यासाठी तिला ख्रिस्ती व्हावं लागतं. आदल्याच वर्षी विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली होती. त्या कायद्यातलं एक कलम मात्र सहसा कोणी सांगत नाही. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला, जणू ती बाई मेलीच.

हे कलम मी इथे काढते आहे त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईचा पुण्याहून फोन आला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. बँकेतले तिचे एक जुने सहकारी, तेही एकटेच. "आम्ही दोघं एकत्र राहावं म्हणतोय," ती म्हणाली. मी, विधवाविवाहावर भाषणं ठोकणारी, पहिला प्रश्न काय विचारला असेल? "आणि फ्लॅटचं काय?" मग त्यांच्या मुलांचं काय, तुझ्या बीपीचं काय. शेवटी म्हटलं, "घाई करू नकोस, दिवाळीत येते, मग बोलू." सगळे प्रश्न व्यवहारी होते आणि मायेपोटीच विचारलेले. आई "बरं" म्हणाली. त्या दिवाळीत मला प्रोजेक्टमुळे जाता आलं नाही. पुढच्या दिवाळीत गेले, तर विषय कोणीच काढला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगायला हवं.

गेल्या महिन्यात या भाषणासाठी 'पर्स्वेशन' पुन्हा वाचलं आणि मीच फोन करून विचारलं. आई हसली. "अगं, आता ते जुनं झालं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी रोज डबा देते."

मी तिकीट काढलं आहे. यावेळी फ्लॅटचं नाव काढायचं नाही, असं ठरवलंय. सवय जुनी आहे, बघू जमतं का.