डायलिसिसवरच्या मित्राची सोबत
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आठवणी सकाळपासून चालल्याच आहेत, मी जरा माझ्या कामाचं बोलतो. मी जालन्यात डायलिसिस टेक्निशियन आहे, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. आपल्या बॅचमधला एक जण आता आमच्याच युनिटला येतो, हे माहीत नसेल. त्याला विचारूनच बोलतोय. नाव सांगणार नाही, आणि कोण असेल याचा अंदाजही लावत बसू नका.

हातातल्या फिस्तुल्यात दोन सुया, चार तास एका जागी, आठवड्यातून तीनदा. म्हणजे वर्षाला 156 वेळा. पैशाचा भार महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे हलका होतो, पण वाटूर फाट्यावरून जालन्याला येणं-जाणं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, हे कुठल्या योजनेत बसत नाही. आणि मन तर कुठल्याच कागदावर येत नाही. नीट मुलाखत घेऊन तपासलं, तर डायलिसिसवरच्या चार-पाच जणांत एकाला नैराश्य आढळतं.

ते लवकर ओळखू येत नाही. थकवा, झोप न लागणं, तोंडाला चव नसणं ही किडनीच्या आजाराचीही लक्षणं आहेत. घरचे म्हणतात, आजारच तसा आहे. मग माणूस "आज नको, अंग दुखतंय" म्हणून पाळी चुकवतो. पाण्याचं पथ्य मोडतो. घरात भांडणं होतात, हट्टी झालाय म्हणतात. दोन पाळ्यांच्या मध्ये एखाद्याचं वजन चार-पाच किलो वाढून आलं, की मी काट्याकडे बघून गप्प बसत नाही. कधी मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन कारण असतं, कधी जगण्यातलं लक्षच उडालेलं असतं. सलग पाळ्या चुकल्या तर पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. ते त्यालाही ठाऊक असतं, हे लक्षात घ्या.

म्हणून विचारायचं. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं होतंय का? बहुतेक दिवस उदास, हताश वाटतं का? "हो" आलं तर किडनीच्या डॉक्टरांना सांगायचं आणि मानसोपचाराचा सल्ला घ्यायचा. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

उपचार आहेत. अमेरिकेत 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 120 रुग्णांपैकी काहींना डायलिसिसच्या खुर्चीतच समुपदेशन दिलं, काहींना सर्ट्रालिनची गोळी. 12 आठवड्यांनंतर गोळी किंचित सरस ठरली, पण तिचा त्रासही जास्त झाला. मला त्यातलं खुर्चीतलं समुपदेशन महत्त्वाचं वाटतं. वेगळी खेप नाही, वेगळं भाडं नाही, ते चार तासच कामी आले. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूही करू नये, बंदही करू नये.

आता आपलं. भेटायला जाताना आपण काय नेतो? जालन्याची मोसंबी, नाहीतर शहाळं. दोन्हींत पोटॅशियम, दोन्ही त्याला चालत नाहीत! त्याच्यासमोर ती पिशवी घरातली बाकीची माणसं संपवतात. थोरांची उदाहरणंही नेऊ नका. जयप्रकाश नारायण 1975 साली मुंबईच्या जसलोकमध्ये डायलिसिसवर गेले आणि 1977 च्या निवडणुकीत प्रचारात उतरले, हे खरं आहे. पण खुर्चीतल्या माणसाला त्यातून "तू का नाही?" एवढंच ऐकू येतं. आणि हुरड्याला, लग्नाला बोलावणं बंद करू नका. काय खायचं, किती प्यायचं ते तो बघेल.

त्याच्याबरोबर दर वेळी वहिनी येतात. दोन वर्षं झाली, त्यांच्या शेतातल्या खुरपणीचे दिवसही बाकावर बसून जातात. त्यांनाही कुणी "कशा आहात?" विचारत नाही.

मी यंत्राजवळ असतो, पण ड्यूटीवर. एका वेळी सगळ्यांची बीपी बघावी लागते. शेजारी बसून बोलणारं माणूस वेगळं लागतं. त्याची पाळी मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची. सरांच्या टेबलावर वही ठेवली आहे. ज्याला महिन्यातून एक दिवस जमेल त्याने नाव आणि नंबर लिहावा. तो स्वतः फोन करेल.