मोबाइलच्या पडद्यावरचं बालरुग्ण तपासणी केंद्र

केंद्र सरकारने 25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याला देशात स्पष्ट चौकट मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ या सरकारी टेलिमेडिसिन मंचाची घरबसल्या बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. मूल अल्पवयीन असेल, तर सल्ल्याच्या वेळी सोबत प्रौढ व्यक्ती असावीच लागते. म्हणजे डॉक्टरांचे डोळे, हात आणि कानही काही प्रमाणात आईबापांनाच व्हावं लागतं.

पालकांना यातली सोय चटकन पटते. एसटीचा प्रवास टळतो, रोज बुडत नाही, तापलेलं पोर गर्दीत न्यावं लागत नाही. अडचण पुढे येते. मूल कॅमेऱ्यासमोर स्थिर बसत नाही, टॉर्चच्या उजेडात घसा नीट दिसत नाही, आणि ऐन वेळी रेंज जाते. स्टेथोस्कोपची जागा तर मोबाइल घेऊच शकत नाही.

श्वास मात्र घरी मोजता येतो. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. 2 महिन्यांखालील बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांपर्यंत 50 किंवा जास्त, आणि पुढे 5 वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर श्वास जलद समजतात. मुलाचं वजन, ताप आणि आधी दिलेली औषधं कागदावर लिहून ठेवली, तर सल्ला अधिक नेमका मिळतो.

बाळ अंगावर पीत नसेल, सगळं उलटून पडत असेल, झटके येत असतील किंवा ते निपचित पडलं असेल, तर व्हिडिओ कॉलची वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावं. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी क्रमांक आहे 108.